ओड्डाचं चॅपेल: सेव्हर्नकाठी एक दिवस

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या काठी डीअरहर्स्ट नावाचं छोटंसं गाव आहे. या गावातल्या एका जुन्या शेतघराचं स्वयंपाकघर ज्या चार भिंतींत होतं, त्या भिंती १०५६ साली बांधलेल्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनाघराच्या निघाल्या. रांधणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता, गावालाही नव्हता. आज ती वास्तू जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेच्या ताब्यात आहे, प्रवेश फुकट आहे आणि बऱ्याचदा आत तुमच्याशिवाय कुणीही नसतं.

फुकट आणि निर्मनुष्य, इथेच गोम आहे. तिकिटाची खिडकी नाही, वाटाड्या नाही, कानाला लावायचं यंत्र नाही. काही न वाचता गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल आणि गाडीत बसताना कुणीतरी म्हणेलच, ‘एवढ्यासाठी आलो?’ मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत गेलो, तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. तिथूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा मात्र नीट तयारी करून गेलो आणि अख्खा दिवस कधी सरला ते कळलं नाही. ती तयारी इथे क्रमाने देतोय.

निघायच्या आदल्या रात्री: आधी दगड वाचा

चॅपेलची ओळख एका शिलालेखापासून करून घ्या. १६७५ साली याच परिसरातल्या एका फळबागेत लॅटिन मजकूर कोरलेला दगड सापडला. सर जॉन पॉवेल यांच्याकडे तो होता. आता तो ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. मजकुराचा भावार्थ असा: अर्ल (बडा सरदार) ओड्डाने ही राजशाळा, म्हणजे राजाचं सभागृह, बांधवली आणि आपला भाऊ एल्फ्रिक, ज्याचा आत्मा याच ठिकाणाहून वर नेला गेला, त्याच्यासाठी ती पवित्र त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) अर्पण करवली. अर्पणविधी बिशप एल्ड्रेडने केला, एप्रिलच्या आयड्सच्या (रोमन पंचांगातली १३ तारीख) आदल्या दिवशी, इंग्लिशांचा राजा एडवर्ड याच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी.

यात सन कुठेच नाही, राज्यवर्ष आहे. शिवराज्याभिषेक शकातली कागदपत्रं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हा हिशोब नवा वाटणार नाही. एडवर्ड १०४२ च्या जूनमध्ये गादीवर आला, राज्याभिषेक १०४३ च्या एप्रिलमध्ये झाला. दोन्हींपैकी कुठूनही मोजा, चौदाव्या वर्षातली ती तारीख १२ एप्रिल १०५६ हीच येते. इंग्लंडमधल्या इतक्या जुन्या इमारतीची तारीख दिवसासकट माहीत असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. (आपलं अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. दोन्हीकडे पाथरवटांच्या छिन्न्या एकाच सुमारास चालू होत्या.)

‘राजशाळा’ हा शब्दही थोडा चघळावा. ओड्डा राजाचा नातलग होता, राजा नव्हता. मग ही राजशाळा कुणाची? राजा इथे देव आहे. ‘बॅसिलिका’ या ग्रीक शब्दाचं मूळही राजाचं सभागृह हेच. आपण तरी वेगळं काय करतो? देवळाला राऊळ म्हणतो, आणि राऊळ आलं ‘राजकुल’वरून.

आता त्यातली माणसं. एल्फ्रिक २२ डिसेंबर १०५३ रोजी डीअरहर्स्टला वारला. भावाच्या नावाने चॅपेल उभं राहिलं, अर्पणविधी झाला आणि साडेचार महिन्यांत, ३१ ऑगस्ट १०५६ ला, ओड्डाही गेला. मरण्यापूर्वी त्याने संन्यास घेतला होता. दफन पर्शोरला झालं. आणि विधी करणारा एल्ड्रेड? तो पुढे यॉर्कचा आर्चबिशप झाला आणि १०६६ च्या नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडीहून येऊन सॅक्सनांचं इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमच्या डोक्यावर मुकुट त्यानेच ठेवला. म्हणजे सॅक्सन इंग्लंडच्या शेवटच्या दहा वर्षांतली ही वास्तू, आणि तिचा विधी करणाऱ्याच्या हातूनच ते पर्व संपलं.

दगड सापडल्यावर जवळजवळ दोनशे वर्षं लोक समजत होते की तो गावातल्या मोठ्या चर्चविषयी आहे. खरी वास्तू हाकेच्या अंतरावर, प्लास्टरखाली, शेतघराचा भाग होऊन उभी होती. १८६५ साली तिचा सुगावा लागला, गावचे धर्मगुरू जॉर्ज बटरवर्थ यांनी त्याचा पाठपुरावा केला. १८८५ साली घराच्या दुरुस्तीत दुसरा कोरीव दगड हाती आला: ‘पवित्र त्रैक्याच्या सन्मानार्थ ही वेदी अर्पण केली आहे.’ दोन दगडांची सांगड बसली आणि वाद मिटला.

एवढं ठाऊक असलं की पुरे.

कधी जावं

एप्रिलचा शेवट ते सप्टेंबर. कारण थंडी नाही, पाणी आहे. डीअरहर्स्ट सेव्हर्नच्या पूरमैदानात वसलेलं आहे आणि हिवाळ्यात नदी शेतं, पायवाटा, कधी रस्तेही पोटात घेते. उन्हाळ्यातही गाफील राहू नका: जुलै २००७ मध्ये शेजारच्या ट्यूक्सबरीला पाण्याने चारही बाजूंनी वेढलं होतं आणि तिथलं माइथ जलशुद्धीकरण केंद्र बुडाल्यामुळे सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले होते. निघायच्या दिवशी सकाळी सरकारी संकेतस्थळावर सेव्हर्नचा पूरइशारा बघा. सॅटनॅव्हवाल्या बाई पाण्यात घालायलाही कमी करत नाहीत. रस्त्यावर पाणी दिसलं तर ‘एवढंसंच आहे’ म्हणून गाडी घालू नका.

वेळ इंग्लिश हेरिटेजच्या पानावर आदल्या दिवशी पडताळून घ्या. हिवाळ्यात चॅपेल लवकर बंद होतं, आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधारच पडतो. रविवारी सकाळी गावातल्या चर्चमध्ये उपासना असू शकते, म्हणून शनिवार किंवा कामाचा दिवस बरा. मुलांच्या शाळा असतील तर रविवार दुपार धरा.

कसं पोचावं

गाडी असेल तर सोपं. ट्यूक्सबरी आणि ग्लॉस्टरच्या मधल्या ए-३८ रस्त्याने या, बी-४२१३ ला वळा आणि डीअरहर्स्टची पाटी पाहत चला. एम-५ वरून येणाऱ्यांनी ९ नंबरचा फाटा घ्यावा. शेवटचा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं; समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा आणि हात वर करून आभार माना, तिथली रीत आहे. गाड्या लावायला जागा मोजकी आहे. सुटी नाणी खिशात असू द्या. शेताच्या फाटकासमोर गाडी उभी करणं हा खेड्यातला सर्वांत मोठा गुन्हा समजा.

गाडी नसेल तर लंडनच्या पॅडिंग्टनहून चेल्टनम स्पा साधारण दोन तास, आणि तिथून टॅक्सी. ‘ॲशचर्च फॉर ट्यूक्सबरी’ हे स्टेशन जवळचं आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी आणि स्टेशन ट्यूक्सबरीपासून तीनेक किलोमीटर दूर. टॅक्सी करणार असाल तर परतीची वेळ जातानाच ठरवून ठेवा. गावात रिकामी टॅक्सी हात दाखवून थांबवण्याचा प्रश्नच येत नाही.

माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग पायी आहे. ट्यूक्सबरीला पोचा, पोटभर खा आणि ‘सेव्हर्न वे’ या पायवाटेने नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागा. अंतर साधारण पाच किलोमीटर, वाट सपाट, रमतगमत दीड तास. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. वाटेत गुरं चरताना भेटतील: लांबून वळसा घाला, वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद, जसं सापडलं तसं सोडा.

या चालण्याला आणखी एक कारण आहे. १०१६ साली डॅनिश राजपुत्र क्नूट आणि इंग्लिश राजा एडमंड आयर्नसाइड यांनी लढाया थांबवून तहाची बोलणी केली ती डीअरहर्स्टजवळच्या ओल्नी नावाच्या बेटावर, असं अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल ही त्या काळची बखर सांगते. राज्य वाटून घ्यायचं ठरलं. एडमंड त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मेला आणि सगळंच क्नूटला मिळालं. दोन सैन्यं दोन काठांवर उभी आहेत असं मनात आणून या नदीकडे बघितलं की पाच किलोमीटर कमी वाटतात.

सोबत काय

चिखलात चालतील असे बूट, पातळ रेनकोट, छोटी विजेरी (ही विसरू नका, पुढे लागणार आहे), पाणी आणि डबा. चॅपेलपाशी खाण्यापिण्याची सोय नाही, स्वच्छतागृहही नाही. ते ट्यूक्सबरीतच उरकून निघा. डबा म्हणजे थालीपीठ किंवा दशम्या आणि सुकी चटणी. रस्साभाजी नेलीत तर फाटकं ओलांडताना पश्चात्ताप होईल. आणि थर्मासमध्ये चहा, कारण चहाच्या देशातल्या खेड्यात दुपारी तीन वाजता चहा मिळेलच याची खात्री कुणी देत नाही.

चॅपेलमध्ये: बाहेरून आत, वरून खाली

पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी थोडं लांब उभं राहून बाहेरून बघा. एका अंगाला दगडी चॅपेल आणि त्याला चिकटून काळ्या लाकडी चौकटींचं, मधल्या भिंती पांढऱ्या असलेलं घर. हे ॲबट्स कोर्ट. ओड्डानंतर ही जमीन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीकडे गेली, म्हणून नावात ॲबट, मठाधिपती. घर खाजगी आहे. खिडक्यांतून डोकावू नका.

आता चॅपेलच्या कोपऱ्यांकडे बघा. एक दगड उभा, उंच. त्याच्यावर एक आडवा, चपटा. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. सॅक्सन गवंड्यांची ही खूण आहे. इंग्लंडमधलं कुठलंही जुनं चर्च पाहताना कोपऱ्यात हा उभा-आडवा क्रम दिसला की ते काम नॉर्मन लोक येण्याआधीच्या पद्धतीचं, असा अंदाज बांधायला हरकत नाही. ही एक गोष्ट शिकलात तरी सहल वसूल.

मग आत. दोनच भाग आहेत. पहिला मोठा, त्याला सभामंडप समजा: सुमारे २५ फूट लांब, १६ फूट रुंद, भिंती सुमारे १७ फूट उंच. पलीकडचा छोटा म्हणजे गाभारा, अंदाजे १४ फूट बाय ११ फूट. मापं वाचून लक्षात येत नाही ते उभं राहिल्यावर जाणवतं: रुंदीपेक्षा उंची जास्त आहे. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसं काहीसं. सॅक्सन चर्चांचा हा अरुंद आणि उंच बांधा पुढच्या नॉर्मन रुंद खांबांच्या इमारतींत हरवला.

दोन भागांच्या मधली कमान सर्वांत आधी डोळ्यांत भरते. अर्धगोल, तळाकडे किंचित आत वळलेली, घोड्याच्या नालासारखी. नक्षी जवळपास नाहीच. तिच्याखाली उभं राहून दोन्ही हात पसरा आणि मग वेदी होती त्या दिशेला बघा. १२ एप्रिल १०५६ ला एल्ड्रेड याच कमानीतून आत गेला असेल.

इथे विजेरी काढा. खिडक्या लहान आणि उंचावर आहेत. ज्या दोन्ही बाजूंनी तिरक्या कापल्या आहेत, आतूनही रुंद, बाहेरूनही रुंद, मध्ये अरुंद, त्या सॅक्सन. काच दुर्मीळ असतानाच्या काळात लहान भोकातून जास्तीत जास्त उजेड आत पसरवण्याची ही युक्ती. विजेरीचा झोत भिंतीवर समोरून न मारता बाजूने, भिंतीला घासून मारा. सपाट वाटणाऱ्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव, बुजवलेल्या जागा, नंतर मारलेल्या खाचा सावल्या पाडून वर येतात. घरातल्या माणसांनी कुठे काय ठोकलं, कुठे माळा घातला याचा अंदाज तिथूनच लागतो. गाभाऱ्याच्या बाजूला शेतघराची लाकडं दगडी कामात घुसलेली दिसतात. काहींना ही खिचडी खटकते. मला वाटतं, घराने पोटात घेतलं नसतं तर या भिंतींचे दगड कधीच कुणाच्या गोठ्याला लागले असते.

शिलालेखाची प्रतिकृती आत ठेवलेली आहे. शेवटी तिच्यासमोर उभे राहा. लॅटिन येत नसलं तरी हरकत नाही. ‘ओड्डा’ आणि ‘एल्फ्रिक’ ही दोन नावं शोधा. मुलं असतील तर त्यांच्यात शर्यत लावा, माझ्या धाकटीला मोठीच्या आधी सापडलं होतं. शब्द संक्षिप्त केले आहेत, अक्षरं कुठे दाटीवाटीने बसवली आहेत. ताम्रपट पाहिलेल्यांना ही काटकसर ओळखीची वाटेल.

भिंतींना हात लावू नका, दगडावर चढू नका. बूट काढायची पद्धत नाही. चिखल मात्र बाहेर झटका.

मग सेंट मेरीज, आणि पुन्हा चॅपेल

दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर गावाचं चर्च आहे, सेंट मेरीज. ओड्डाच्या चॅपेलहून कितीतरी जुनं, एका सॅक्सन मठाचं. इथला एक तरुण साधू आल्फेज पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. १०१२ साली डॅनिश टोळीने त्याला ग्रिनिचला ठार मारलं, कारण आपल्या सुटकेसाठी खंडणी द्यायला त्याने नकार दिला होता. नंतर एडवर्डने हा मठ पॅरिसजवळच्या सेंट-डेनीच्या मठाला दिला. म्हणजे एकाच गावातली एक जमीन लंडनकडे, दुसरी फ्रान्सकडे.

हे चालतं चर्च आहे. उपासना सुरू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा किंवा बाहेर थांबा. टोपी काढा. बाहेरच्या थडग्यांवर बसून डबा उघडू नका, नदीकाठ त्यासाठी मोकळा आहे. दानपेटीत काही पाउंड जरूर टाका. अशा जुन्या चर्चांचा डागडुजीचा भार मुख्यतः गावकऱ्यांच्या वर्गणीवरच असतो.

बघायचं पुष्कळ आहे. मी माझ्या आवडीचं सांगतो. आत आल्यावर वळून पश्चिमेच्या भिंतीकडे वर बघा: दोन त्रिकोणी माथ्यांची जोडखिडकी, जणू दोन तंबू शेजारी शेजारी. अशा त्रिकोणी माथ्यांची आवड सॅक्सनांनाच. त्याच भिंतीत उंचावर, आज कुठेच न जाणारी दारं आहेत. लाकडी माळे गेले, दारं लटकत राहिली. दारांजवळ श्वापदांची दगडी मुंडकी आहेत, काहींवर रंगाचे अंश उरलेत. बुरुजाखालच्या आतल्या दारावर मेरी आणि बाळाचं कोरीव काम आहे, चेहऱ्यावर नाकडोळे नाहीत. ते बहुधा रंगानेच काढलेले असावेत.

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड नवव्या शतकातलं मानतात, सगळीकडून भोवऱ्यासारखी वळणं कोरलेलं. त्याचं भांडं आणि खांब मधल्या काळात एकमेकांपासून ताटातूट होऊन वेगवेगळीकडे पडले होते, एकोणिसाव्या शतकात पुन्हा जुळवले. वेदीपाशी जा: पूर्वेच्या भिंतीलगतही बाक आहेत. सतराव्या शतकातल्या प्युरिटन (कर्मकांड नको म्हणणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंट) लोकांना वेदी नको होती, जेवणाचं टेबल हवं होतं आणि भोवती पंगत हवी होती. ती मांडणी इतरत्र मोडून टाकली गेली, इथे टिकली.

नंतर बाहेर पडून चर्चच्या पूर्वेला जा. पडक्या बहुकोनी भागाच्या भिंतीवर उंचावर एक देवदूत कोरलेला आहे. पाटी बघत गेलात तरच सापडतो, बरेच जण तो न बघताच परततात.

आणि टेरी. सर जॉन कॅसी हा राजाचा बडा न्यायाधीश १४०० साली वारला. त्याच्या आणि पत्नी ॲलिसच्या थडग्यावर पितळी पत्र्यात दोघांच्या आकृत्या आहेत. ॲलिसच्या पायाशी एक छोटा कुत्रा आहे आणि त्याच्याशेजारी नाव कोरलंय, टेरी. पत्र्यावर चटई घातलेली असेल तर हलक्या हाताने उचलून बघा आणि तशीच परत टाका.

एवढं झालं की पुन्हा चॅपेलकडे वळा, पाचच मिनिटांसाठी. सेंट मेरीजच्या गजबजीनंतर ओड्डाच्या त्या दोन उघड्या खोल्या वेगळ्या दिसतात. तोवर ऊनही सरकलेलं असतं.

उरलेला वेळ

ट्यूक्सबरीला परत जाल तेव्हा तिथली ॲबी चुकवू नका: ११२१ साली अर्पण झालेली, नॉर्मन बुरुजाची. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पाउंड मोजून ती विकत घेतली, म्हणून ती वाचली. ४ मे १४७१ ची गुलाबयुद्धातली (इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराण्यांत चाललेल्या युद्धातली) लढाई शेजारच्याच कुरणांत झाली. तासभर पुरतो.

खरा दगड बघायचा असेल तर त्याच दिवशी ऑक्सफर्ड गाठायचा हट्ट धरू नका, वेगळा रविवार ठेवा. ॲश्मोलियनलाही प्रवेश फुकट आहे. दारातून आत गेल्यावर ममी आणि संगमरवरी पुतळे खुणावतील; तुम्ही थेट सॅक्सन दालन विचारा. प्रतिकृतीत कळत नाही ती अक्षरांची खोली तिथे दिसते.